दावण सांभाळून गोधडी

सोलापूर जिल्ह्यातल्या वस्तीवर दोन म्हशी, एखादी संकरित गाय आणि एक-दोन वासरं एवढी दावण एका घराला पेलते. रोजचा पैसा सुटतो आणि दुपार बऱ्यापैकी मोकळी राहते. त्या दुपारी गोधडी शिवायची असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करा: गोठ्याची वेळ हलत नाही, गोधडीची हलते. शिवण असं मांडायचं की कुठल्याही टाक्यावर सोडून उठता आलं पाहिजे. खाली आधी दावणीचं सांगितलंय, मग शिवणाचं. दोन्ही कामं जिथे एकमेकांत अडकतात तिथे जरा जास्त थांबलोय, कारण मोठं नुकसान तिथेच होतं.

दिवस कसा लावायचा

धारा बारा-बारा तासांनी काढायच्या. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच ही वेळ बहुतेक दूध संकलन केंद्रांना जुळते. एक अंतर दहा तासांचं आणि दुसरं चौदाचं झालं की कास जास्त वेळ तटतटून राहते आणि दूध हळूहळू उतरतं. शिवाय लांब अंतरानंतरच्या धारेला फॅट कमी लागते, मग केंद्रावर रोज सकाळी वाद. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. त्यामुळे पावती दोन्ही वेळची बघायची.

शेण, धार, आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक), वैरण, पाणी हे सगळं साडेदहा-अकरापर्यंत आवरतं. साडेअकरा ते साडेतीन जनावरं रवंथ करत बसतात. हाच शिवणाचा वेळ. एप्रिल-मेमध्ये मात्र हा वेळ सलग मिळत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, म्हशीची कातडी काळी आणि तिला घाम फार कमी येतो, म्हणून दुपारी एक आणि तीनच्या सुमाराला तिच्या अंगावर पाणी मारावंच लागतं. मोठ्या जनावराला एरवी दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दुभत्याला १०० पर्यंत. दिवसातून दोनदा हौदावर नेण्यापेक्षा पाणी कायम पुढ्यात असलं तर दुधात फरक दिसतो.

गोठा बांधायचाच असेल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत येत नाही. एका मोठ्या जनावरामागे साधारण ४० चौरस फूट छत आणि ८० चौरस फूट मोकळी जागा धरा. पंढरपुरी म्हैस असेल तर गव्हाणीपुढे जागा सढळ सोडा. तिची शिंगं पार खांद्यामागे जातात आणि दोघी खेटून बांधल्या की मान वळवताना एकमेकींना लागतात.

वैरण आणि आंबोण

एका मोठ्या जनावराला दिवसाला ५ ते ६ किलो कडबा आणि १५ ते २० किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे वर्षाला एका जनावरामागे जवळपास दोन टन कडबा. शेकड्यावर घेताना दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा. पेंढीचा आकार गावागणिक बदलतो आणि फसगत मोजण्यात नाही, वजनात होते. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणाचा कडबा गोड, जनावर आवडीने खातं, तरी कुट्टी केल्याशिवाय घालू नका. एक इंचाच्या आसपास कुट्टी असली की बुडख्याकडची जाड धाटंही संपतात, नाहीतर तीच गव्हाणीत उरतात.

हिरवी ज्वारी हा आपल्याकडचा खरा धोका. फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी, पाण्याचा ताण बसून खुरटलेली ज्वारी आणि काढणीनंतर अवकाळी पावसाने फुटलेले पोंगे यांत विष असतं. ते खाल्लं की किराळ लागते. दहा-पंधरा मिनिटांत जनावर धापा टाकतं, थरथरतं, तोंडातून फेस येतो आणि कोसळतं. यावर घरगुती उपाय करण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना बोलवा. वेळेत शिरेतून इंजेक्शन मिळालं तर वाचतं. निम्मं शेत फुलोऱ्यात आल्यावर कापलेली ज्वारी चालते, पूर्ण वाळलेला कडबाही चालतो. धसकटाच्या रानात पोंगे दिसत असतील तर जनावर तिकडे चरायला सोडायचंच नाही.

उजनी धरणाच्या पाण्यावरच्या उसाच्या पट्ट्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतात, म्हणून महिनोन्महिने तेवढेच घालतात. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि पुढे व्यायल्यावर म्हैस उठत नाही. वाढे घालायचे तर कडब्यात आणि लसूणघासात मिसळून, चुन्याची निवळी शिंपडून, आणि क्षारमिश्रण न चुकवता.

आंबोणाचा हिशोब सोपा आहे. शरीर टिकवायला दीड किलो, त्यावर गाईला दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. सहा लिटरची म्हैस असेल तर दीड अधिक तीन, म्हणजे साडेचार किलो, दोन वेळांत विभागून. दहा लिटरच्या गाईला साडेपाच. सरकी पेंड, मक्याचा भरडा, तुरीची चुनी आणि गव्हाचा भुसा यांचं मिश्रण करा. नुसत्या सरकीवर जनावर ओढू नका. रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं. सुगीत दावं सोडवून खळ्यावर ज्वारी खाल्लेलं जनावर पोट गच्च होऊन आडवं पडतं, तेव्हाही वाट बघू नये.

धार, कास आणि चिंध्यांचा पहिला उपयोग

कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, आणि इथेच शिवणातल्या उरलेल्या कापडाची सोय लागते. निव्वळ सुती कापडाचे फूटभर चौकोन कापून चारी कडा दुमडून शिवा. प्रत्येक जनावराचा रंग वेगळा ठेवा आणि धारेनंतर फडकी रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. एकाच फडक्याने सगळ्यांच्या कासा पुसल्या की दगडी (कासेची सूज, कासदाह) एका म्हशीवरून दुसरीकडे गेलीच समजा. कडा न शिवलेलं फडकं मात्र वापरू नका, सुटलेले दोरे सडाला चिकटतात.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या तळाच्या वाटीत घ्या. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्त दिसलं तर त्या सडाचं दूध वेगळं. धार मुठीने काढा. अंगठा दुमडून ओढल्याने सडाला आतून इजा होते. पान्हा सुटल्यावर पाच ते सात मिनिटांत धार संपली पाहिजे. नंतर सड जंतुनाशकात बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका, कारण सडाचं तोंड मिटायला अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ जनावर उभं राहिलेलं बरं.

माजाचं चक्र २१ दिवसांचं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, ओरडत नाही. बळस (मागून लोंबणारा चिकट स्राव), सारखं लघवीला होणं आणि अचानक घटलेलं दूध यावर लक्ष ठेवा. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस दहा महिने दहा दिवसांनी. त्याआधी ६० दिवस आटवायची, म्हणजे धार बंद करायची. वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. नाळ दोन इंचांवर बांधून कापायची आणि टिंक्चर आयोडीन लावायचं. व्यायल्यावर वार (गर्भाचं वेष्टण) पडायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तिला वजन बांधून ओढू नका. लसी, म्हणजे पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत, शिवाय लम्पी, या सरकारी दवाखान्यातून होतात. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर नोंद सोपी जाते.

व्यायला टेकलेली म्हैस दावणीला असताना मोठी गोधडी पसरू नये. त्या पंधरवड्यात रात्री झोप होत नाही. बाळाचं दुपटं हाताला घ्या, पिशवीत मावतं.

सुई आणि जनावर

गाय-म्हैस शेळीसारखं निवडून खात नाही. जीभ फिरवते, घास ओढते आणि नीट न चावता गिळते. घासातली सुई, टाचणी किंवा तारेचा तुकडा जड असल्यामुळे जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात, जाऊन बसतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये पातळ पडदाच काय तो. पोट आकसलं की सुई पुढे सरकते. गाभण जनावरात पोटावर दाब वाढतो, म्हणून त्याच दिवसांत ती जास्त घुसते.

लक्षणं ओळखायला शिका. दूध एका दिवसात झपकन उतरतं. जनावर खाणं सोडतं, पाठ कमानीसारखी करतं, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभं राहतं. उतारावर चालायला नको म्हणतं, बसताना कण्हतं. अपचन समजून चार दिवस काढे पाजले जातात आणि तेवढ्यात सुई हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. मग छातीखाली लोंबणाऱ्या पोळीला आणि जबड्याखाली सूज येते. त्या टप्प्याला सहसा काही हाती लागत नाही. लवकर दाखवलं तर डॉक्टर पोटात चुंबक सोडतात, गरज पडली तर शस्त्रक्रिया करतात.

म्हणून शिवणाचे नियम घरात कडक पाहिजेत.

शिवायची जागा गोठ्यापासून आणि वैरणीच्या गंजीपासून लांब. गोठ्याच्या पडवीत सावली छान असते, तरी तिथे नको. घरातल्या सुया मोजक्या ठेवा, पाच पुष्कळ झाल्या, आणि झाकणाच्या डबीत. बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. दोरा न ओवलेली सुई खाली ठेवायचीच नाही. लाल दोरा वीतभर लोंबत असला की फरशीवर पडलेली सुई चटकन दिसते. मोडलेली सुई असेल तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत उठायचं नाही. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून रोज शेवटी जागेवरून फिरवा. शिवणाचा केर उकिरड्यावर किंवा वैरणीच्या बाजूला न टाकता वेगळ्या पोत्यात भरा.

वैरणीच्या बाजूनेही तेवढीच काळजी घ्या. पेंढ्या तारेने बांधलेल्या असतील तर कुट्टीत घालण्याआधी तार काढून मोजून बाजूला ठेवा. कुट्टी यंत्रात गेलेल्या तारेचे इंच-इंच तुकडे होतात आणि ते पुढे कुणालाच दिसत नाहीत.

दुसरी अडचण कापडाची. म्हैस दोरीवरचं धुणं चघळते, चिंध्या, माती, हाडं चाटते, तेव्हा तिला मारून उपयोग नाही. बहुतेक वेळा ती स्फुरदाची आणि क्षारांची कमतरता असते. क्षारमिश्रण आणि मीठ नियमित सुरू करा आणि पोटात जंत आहेत का ते शेण तपासून घ्या. तोवर कापड तिच्या तोंडापासून लांब ठेवा, कारण पोटात गेलेला चिंध्यांचा गोळा विरघळत नाही.

गोधडीचं कापड

नऊवारी लुगडं ८ मीटरच्या थोडं वर भरतं, पन्हा ४५ इंचांच्या आसपास. त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येकी साधारण २.०५ मीटर बाय १.१५ मीटर, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे चार थर. सहा थरांची गोधडी करायची तर दीड लुगडं लागतं. साडेपाच मीटरच्या सहावारीतून असे दोनच थर निघतात, उरलेलं कापड काठाला आणि ठिगळांना. वर-खाली सगळ्यांत धड कापड, विरलेलं मधल्या थरांत. जरीचा काठ आधी उसवून काढा, त्यातून सुई जात नाही.

सगळे थर सुती हवेत. शंका आली तर दोन धागे काढून जाळा. सुती धागा जळून राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरचा थर मध्ये घातला तर तो घसरतो, धुतल्यावर बाकीचे थर आटतात आणि तो तसाच राहतो, मग गोधडीला कायमच्या घड्या पडतात. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून चिंध्या किलोवर मिळतात, पण त्या बहुतेक टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या सुताच्या. काठपट्टीला ठीक, थरात नको. घरातली जुनी सोलापुरी चादर मध्ये घालायची असेल तर तेवढा एकच थर, वर आणि खाली एकेक लुगडं. याहून जास्त थर हाताने टोचत नाहीत, बोटं मात्र फुटतात.

कापड शिवण्याआधी गरम पाण्यातून काढा, नवं असो वा जुनं. रंग सुटतो का ते पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.

पसरणं, टाचणं, शिवणं

सपाट कोरड्या फरशीवर पसरा. सतरंजीवर पसरलं की सुई सतरंजीही बरोबर शिवते, आणि ते कळतं उचलताना. खालचा थर सुलट बाजू खाली करून ताणून घ्या, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, एकेक थर वर अंथरत हाताने मधून कडेला सुरकुत्या सारा. मधल्या थरांतले जोड एकावर एक येऊ देऊ नका, तिथे जाड वळ होतो.

मग टाचण. लांब कच्च्या टाक्यांनी, वीतभर अंतरावर, मधून सुरू करून चारी बाजूंना. ही पायरी वगळली जाते आणि त्याची शिक्षा शेवटी मिळते. गोधडीचा धावदोरा कडेकडून चौकोनात आत जातो, प्रत्येक फेरीला कापड थोडं थोडं आत सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तो फुगा नंतर कितीही दाबला तरी बसत नाही. टाचण घट्ट असेल तर येतच नाही.

सुई गोधडीची, लांब आणि मोठ्या नेढ्याची. दोरा दुहेरी, ओवल्यावर हातभर उरेल इतकाच. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून सारखा ओढला गेल्याने टोकाकडे विरतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरून ओढायचे. दोरा ओढल्यावर डाव्या हाताने ओळ सपाट करा. कापड चुण्या घेत असेल तर दोरा जास्त ओढला जातोय.

ओळींतलं अंतर बोटभर, दोन सेंटीमीटर धरा. एवढ्या मापाच्या गोधडीत ओळींची लांबी जवळपास ११८ मीटर होते. दुहेरी दोऱ्याला वाया जाणारा धरून ३०० मीटर दोरा लागतो. दोन रिळं वेगवेगळ्या वेळी आणली तर रंगात फरक पडतो, म्हणून आधीच पुरेसा घ्या. दिवसाला दोन तास मिळाले तर अडीच-तीन आठवडे धरून चाला.

मध्येच उठायचं झालं तर सुई गोधडीत खोचून ठेवायची नाही. दोऱ्याला सैल गाठ मारून सुई काढा, डबीत ठेवा आणि गोधडी गुंडाळा. घडी घातली तर टाचण सैल पडतं. गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुऊन, वरचं लुगडं किंवा सदरा बदलूनच बसा. शेणाचा डाग निघतो, दुधाचा वास निघत नाही. वासरांना गजकर्ण झालं असेल तर ते माणसालाही लागतं, अशा दिवसांत बाळाचं दुपटं शिवायला घेऊ नका. दुपटं ३६ इंच चौरस, तीनच थर, जुनं मऊ धोतर सगळ्यांत चांगलं.

कडेला तीन इंचांची पट्टी दुमडून लावा. कोपऱ्यावर पट्टी कापायची नाही, तिरकी दुमडायची, कारण गोधडी आधी कोपऱ्यात फाटते.

धुणं आणि भाव

तयार गोधडी दीड-पावणेदोन किलो भरते, ओली झाली की उचलवत नाही. एकाच दोरीवर टाकली तर मधला भाग ताणून लांबतो, म्हणून हातभर अंतराच्या दोन दोऱ्यांवर पसरा, आणि त्या दोऱ्या म्हशींच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर बांधू नका. शिंगात अडकलेली ओली गोधडी घेऊन म्हैस बिथरली तर गोधडी जाते आणि कुंपणही.

भाव मापावर सांगितला तर तोटा होतो. दोन सेंटीमीटरच्या ओळी एक सेंटीमीटरवर आणल्या की काम आणि दोरा दोन्ही दुप्पट, माप मात्र तेच. ओळींचं अंतर, थरांची संख्या आणि धुतल्यानंतरचं माप हे तीनही सांगून भाव ठरवा. कापड गिऱ्हाइकाचं असेल तर लुगड्यांचं वजन त्याच्या समोर करून घ्या.

घटस्थापनेआधी घरोघरी अंथरुण-पांघरूण धुतलं जातं, आणि फाटलेल्या गोधड्या दुरुस्तीला निघतात त्या त्यानंतर. जुन्या गोधडीवर दोन्ही बाजूंनी एकेक नवा थर चढवला की ती आणखी बरीच वर्षं चालते. जुने टाके उसवू नका, त्यांच्यामधून नव्या ओळी टाका. आणि कुणाची जुनी गोधडी अंगणात धुवायला टाकण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवून घ्या. आतल्या थरात कधी काळी मोडलेल्या सुईचं टोक निघू शकतं.